गायतोंडे यांच्यावर प्रभाव कोणाचा? एका चित्रकाराचे सविस्तर उत्तर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्याविषयी वाचताना कोणी स्विस-जर्मन चित्रकार पॉल क्लेचे नाव घेते, कोणी झेन बौद्ध विचाराचे, कोणी अमेरिकन चित्रकार मार्क रॉथकोचे, तर कोणी भारतीय लघुचित्रांचे, मग त्यांच्या चित्रांवर खरा प्रभाव कोणाचा मानायचा? आणि अमूर्त काम करू इच्छिणाऱ्याने त्यांच्या कारकिर्दीतून नेमके काय घ्यायचे? मी गेली तीसेक वर्षे तैलरंगात अमूर्त काम करतो आहे आणि त्यातील बरीच वर्षे विद्यार्थ्यांना शिकवण्यातही गेली आहेत. त्यामुळे उत्तर कलासमीक्षकाचे न होता रंगाने हात बरबटलेल्या माणसाचे होईल, हे आधीच सांगून ठेवतो.

माझे मत असे की गायतोंडे यांच्यावरील प्रत्येक मोठ्या प्रभावाने त्यांना एकेक गोष्ट टाकून द्यायला मदत केली. त्या प्रभावांतून त्यांनी जे घेतले ते शोधत बसलो तर हाती फार थोडे लागते. त्यांनी कोणत्या वर्षी काय सोडले हे पाहत गेलो, की कारकीर्द सरळ उलगडते.

आधी जुजबी माहिती. गायतोंडे यांचा जन्म 2 नोव्हेंबर 1924 रोजी नागपूरला झाला. आईवडील मूळचे गोव्याचे, आणि वाढीची वर्षे गिरगावातील चाळीत गेली. मुलाने चित्रकार व्हावे हे वडिलांना पसंत नव्हते. त्या काळच्या मध्यमवर्गीय घरात ते असायचेही नाही. मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयातून (जे.जे.) त्यांनी 1948 मध्ये पदविका घेतली. त्याआधीच्या वर्षी सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे आणि बाकरे यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला होता. गायतोंडे त्यात 1950 मध्ये आले. गटाच्या इतिहासात त्यांचे नाव नेहमी घेतले जाते, पण त्यांच्या चित्रांचा स्वभाव त्या गटाच्या आक्रमक, मानवाकृतिप्रधान चित्रांशी फारसा जुळणारा नव्हता. गटाने त्यांना सोबत दिली, चर्चा दिली, प्रदर्शने दिली. चित्रभाषा मात्र दिली नाही.

चित्रभाषेची पहिली शिदोरी जे.जे.मध्येच मिळाली. त्या काळी तिथे जगन्नाथ अहिवासी भारतीय शैलीच्या चित्रकलेचे शिक्षण देत होते. विद्यार्थी जैन पोथीचित्रे आणि राजस्थानी, पहाडी लघुचित्रे नुसती पाहत नसत, त्यांचा अभ्यासही करत. गायतोंडे यांच्या सुरुवातीच्या जलरंगांत तो अभ्यास स्पष्ट दिसतो : सपाट रंगांचे पट्टे, एकसलग धावणारी बाह्यरेषा, बसोली या पहाडी शैलीच्या चित्रांतला तो तापलेला पिवळा आणि लाल. इथेच एक गोष्ट घडली, जी मला त्यांच्या साऱ्या कारकिर्दीची किल्ली वाटते. लघुचित्रांचा अभ्यास करताना त्यांचे लक्ष हळूहळू आकृतींवरून उठले आणि रंगाच्या क्षेत्रांचे एकमेकांशी असलेले प्रमाण तेवढे ते पाहू लागले. आकृती माणसाला बांधून ठेवते, अशा अर्थाचे ते पुढे बोललेही आहेत.

हे नुसते वाचून कळत नाही, करून पाहावे लागते. मी विद्यार्थ्यांना एक साधा प्रयोग देतो. बसोली शैलीतील एखाद्या चित्राची चांगली छापील प्रत घ्यायची, तिच्यावर पातळ ट्रेसिंग कागद ठेवायचा, आणि माणसे, झाडे, गवाक्षे यांपैकी काहीही न काढता केवळ रंगांच्या क्षेत्रांच्या कडा उतरवायच्या. नंतर कागद बाजूला घेऊन तीच क्षेत्रे त्याच रंगांत भरायची. नायिका जाते, कृष्ण जातो, आणि समोर उरते ती केशरी पिवळ्याची मोठी सपाटी, तिला एका कडेने छेदणारी काळपट हिरव्याची पट्टी आणि कोपऱ्यात लालाचा एक ठिपका. चित्र मात्र उभे राहते. ज्या विद्यार्थ्याला हे पहिल्यांदा दिसते त्याच्या चेहऱ्यावरचा गोंधळ पाहण्यासारखा असतो, कारण आजवर ज्याला तो चित्राचा विषय समजत होता तो काढून टाकल्यावरही चित्राचे काहीच बिघडलेले नसते. गायतोंडे यांच्या हाताला हे वयाच्या पंचविशीच्या आसपास कळले होते. इथे सुटली ती गोष्ट वेधक नाट्यप्रसंगाची, म्हणजे चित्रातल्या कथेची.

आता क्ले. त्या वेळच्या मुंबईत पाश्चात्त्य आधुनिक कला पोहोचली ती मुख्यतः पुस्तकांतून आणि नाझी राजवटीमुळे युरोप सोडून आलेल्या काही जाणकारांमुळे. चित्रकार वॉल्टर लँगहॅमर, समीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन आणि संग्राहक इमॅन्युएल श्लेसिंगर ही तीन नावे त्या संदर्भात नेहमी येतात. मूळ चित्रे पाहण्याची सोय जवळजवळ नव्हती. या परिस्थितीत क्लेचा प्रभाव इतरांपेक्षा खोल का उतरला, याचे एक अगदी व्यावहारिक कारण मला वाटते. क्लेची बरीचशी चित्रे मुळातच लहान असतात. कागदावर, वहीच्या पानाएवढी. दहा फुटी चित्र पुस्तकाच्या पानावर छापले की त्याचा जीव जातो. क्लेच्या चित्राचे तितके नुकसान होत नाही. म्हणजे मुंबईच्या तरुण चित्रकाराला पुस्तकात जो क्ले भेटला, तो मूळ क्लेच्या बराच जवळचा होता. शिवाय लघुचित्रे हातात धरून पाहण्याची सवय झालेल्या नजरेला तो आकार परका वाटण्याचे कारण नव्हते. पुढे प्रभाकर बरवे किंवा प्रभाकर कोलते यांच्या कामाविषयी बोलतानाही क्लेचे नाव निघतेच. मराठी चित्रकारांचे आणि क्लेचे हे नाते स्वतंत्रपणे लिहिण्याजोगे आहे.

1950 च्या दशकाच्या पूर्वार्धातील गायतोंडे यांच्या चित्रांत क्ले उघड दिसतो. बारीक, खेळकर रेषेने काढलेले चेहरे आणि पक्षी, चौकटी-त्रिकोणांत विभागलेली पार्श्वभूमी, आणि रंगांचा तो कुजबुजता स्वर. आपल्यावर क्लेचा प्रभाव पडला असे म्हणण्याऐवजी आपण तो पडू दिला असे म्हणावे, असा खुलासा त्यांनी स्वतः केला होता. मला तो फार प्रामाणिक वाटतो. प्रभाव पडणे हा अपघात. पडू देणे हा निर्णय, आणि जो पडू देतो त्याला तो पुसताही येतो. क्लेमुळे त्यांची सुटका झाली ती वस्तू जशी दिसते तशीच काढण्याच्या बंधनातून. एकदा ती सुटका झाल्यावर क्लेचीही गरज उरली नाही. 1957 मध्ये टोकियो येथील आशियाई तरुण चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांना पहिले पारितोषिक मिळाले, आणि जवळपास त्याच सुमारास चेहरे, पक्षी आणि सारी रेषात्मक आकृतिसृष्टी त्यांच्या कॅनव्हासवरून मावळत गेली. ज्या कामासाठी लोक पाठ थोपटू लागले, ते काम सोडून देणे किती कठीण असते हे ज्याची दोन-चार चित्रे विकली गेली आहेत त्यालाच कळेल.

याच काळात वॉर्डन रोडवरील भुलाभाई देसाई स्मारक संस्था हे मुंबईच्या कलाजगताचे केंद्र होते. चित्रकारांचे स्टुडिओ, नाटकाच्या तालमी, संगीत हे सारे एकाच आवारात, आणि समोर समुद्र. बाळ छाबडा यांची गॅलरी 59 तिथलीच. चित्रकार नसरीन मोहमदी यांचाही स्टुडिओ तिथे होता, आणि गायतोंडे यांना त्या मार्गदर्शक मानत असत. 1960 च्या दशकातील गायतोंडे यांची आडवी चित्रे पाहून अनेकांना समुद्र, क्षितिज, धुके आठवते. ते आठवणे चूक नाही. पण चित्रकाराच्या दृष्टीने ती अडचण असावी असा माझा कयास आहे. आडव्या कॅनव्हासवर आडवी रेघ पडली की माणसाचा डोळा तिला क्षितिज म्हणतो, त्याला इलाज नसतो. 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांनी उभे कॅनव्हास अधिकाधिक स्वीकारले, आणि मग त्यांत पाहणाऱ्याला निसर्गदृश्य शोधायला जागा उरली नाही. इथे निसर्गही गेला.

आता रॉथको. गायतोंडे यांना 1964 मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्ती मिळाली आणि ते न्यूयॉर्कला गेले, चेल्सी हॉटेलात राहिले. एवढ्या माहितीवरून अनेक लेखांत थेट निष्कर्ष काढला जातो की न्यूयॉर्कने त्यांना अमूर्त चित्रकार केले. हा निष्कर्ष तारखांपुढे टिकत नाही. 1964 च्या आधीची चार-पाच वर्षांची त्यांची चित्रे पाहा. आकृतीविरहित, एकाच रंगाच्या अनेक छटांतून उगवणारी ती चित्रभाषा मुंबईतच तयार झालेली होती. अमेरिकन चित्रकार मॉरिस ग्रेव्ह्ज यांनी 1963 मध्ये मुंबईत त्यांचे काम पाहून न्यूयॉर्कच्या आपल्या गॅलरीला जे पत्र लिहिले ते याच, शिष्यवृत्तीपूर्वीच्या चित्रांबद्दल होते आणि त्यात त्यांची मुक्तकंठाने प्रशंसा होती.

हाताळणीतही फरक आहे. रॉथको पातळ केलेला रंग कॅनव्हासमध्ये मुरवत जातो. त्याच्या आयतांच्या कडा भिजल्यासारख्या विरघळतात. गायतोंडे यांचा रंग पृष्ठभागावर राहतो, त्याला त्वचा असते, आणि ती त्वचा खरवडलेली, दाबलेली, उचललेली असते. दोघांसमोर माणूस गप्प होतो एवढे साम्य खरे. पण गप्प होण्याचे साम्य घेऊन प्रभावाची साखळी जोडता येत नाही. न्यूयॉर्कमध्ये त्यांना आपण एकटे नाही याची खात्री मिळाली असेल, आणि ती खात्री लहान गोष्ट नाही.

या त्वचेविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर माझ्या मते इथे आहे. गायतोंडे यांनी ब्रश जवळजवळ बाजूला ठेवला आणि पॅलेट नाइफ (रंग पसरवायची सुरी) व रोलर हाती घेतले. ब्रशच्या फटकाऱ्यात चित्रकाराचे मनगट दिसते, त्याची घाई, त्याचा आवेश दिसतो. रोलर हे सारे पुसून टाकतो. त्याच्या जोडीला त्यांनी आणखी एक पद्धत वापरली : ओल्या रंगावर वर्तमानपत्राचे किंवा मासिकाचे फाडलेले कपटे ठेवायचे, वरून दाब द्यायचा आणि कपटा उचलायचा. कागदाबरोबर वरचा थोडा रंग निघून येतो आणि खालचा थर उघडा पडतो. त्यांच्या 1970 च्या दशकातील चित्रांत एखाद्या अज्ञात लिपीतील अक्षरांसारखे जे आकार तरंगताना दिसतात, त्यांतील बरेचसे असे रंग उचलून घेतल्यामुळे तयार झालेले आहेत. म्हणजे जिथे आपल्याला आकार काढल्यासारखा वाटतो, तिथे प्रत्यक्षात काहीतरी काढून घेतलेले असते. मराठीत ‘काढणे’ या एकाच क्रियापदाला हे दोन्ही अर्थ आहेत, आणि त्यांच्या चित्रांबद्दल बोलताना ही सोय फार उपयोगी पडते.

मी तिशीत असताना हे तंत्र करून पाहिले होते. पिवळ्या गेरूचा एक थर वाळवून त्यावर टर्पेंटाइनने बराच पातळ केलेला करडा रोलरने पसरला, वर्तमानपत्राचा कपटा ठेवला, दाबला आणि मोठ्या अपेक्षेने उचलला. खाली काय उमटले? उलट्या अक्षरांत एक मथळा. टर्पेंटाइनमुळे छपाईची शाई सुटून कॅनव्हासवर उतरली होती, आणि माझ्या ध्यानमग्न करड्या अवकाशात महापालिकेच्या पाणीकपातीची बातमी उलटी झळकत होती. दुसऱ्या वेळी कोरा कागद घेतला, पण रंग फार ओला होता. कागद सरकला आणि सगळे फरफटले. तिसऱ्या वेळी वाट पाहिली ती जास्तच झाली, रंग चिकट झाला, कागदच फाटून त्याचे तंतू चित्रात राहिले. दोन कॅनव्हास वाया गेल्यावर माझ्या ध्यानात आले की या साऱ्यात रंग नेमका किती ओला आहे एवढाच प्रश्न आहे, आणि तो ठरवण्यासाठी समोर बसून राहण्याशिवाय दुसरा उपाय नाही.

तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. त्यातील जवसाचे तेल हवेतील प्राणवायू घेत घेत घट्ट होते, आणि प्रत्येक रंगद्रव्य त्याला वेगळा वेळ लावते. अंबर मातीत मँगनीज असल्यामुळे ती लवकर वाळते. काही काळे आणि किरमिजी रंग कित्येक दिवस ओले राहतात. मुंबईच्या पावसाळ्यात तर सगळेच वेळापत्रक कोलमडते. म्हणून असे चित्र करणाऱ्याला दिवसातला बराच वेळ काहीही न करता पाहत बसावे लागते, आणि योग्य घटका आली की मोजक्या मिनिटांत काम उरकावे लागते. गायतोंडे वर्षाला पाच-सहाच कॅनव्हास करत, हे अनेक ठिकाणी त्यांच्या वैराग्याचा पुरावा म्हणून सांगितले जाते. वैराग्य असेलही, पण ती संख्या त्या पद्धतीतच अंतर्भूत आहे. घाईने ते चित्र होतच नाही.

झेनचा मुद्दा मी मुद्दाम शेवटी घेतला. झेन बौद्ध विचार, रमण महर्षी, जे. कृष्णमूर्ती, निसर्गदत्त महाराज हे त्यांच्या वाचनात आणि चिंतनात होते, यात शंका नाही, आणि ते स्वतः चित्राचा उगम मौनात आहे असे मानत. परंतु हल्ली गायतोंडे यांचे नाव आले की लेखक तत्काळ समाधी, शून्य, ध्यान या शब्दांकडे धाव घेतात आणि चित्र पाहायचे राहूनच जाते. झेन वाचणारे चित्रकार पुष्कळ झाले. त्या वाचनातून गायतोंडे यांना मिळाली ती रंग वाळेपर्यंत थांबण्याची आणि त्या थांबण्याला काम समजण्याची मुभा, असे मी म्हणेन. ‘अमूर्त’ हा शब्दही त्यांना मान्य नव्हता. आपल्या चित्रांना ते वस्तुनिरपेक्ष म्हणत. फरक बारीक पण महत्त्वाचा आहे. अमूर्त म्हटले की आधी काहीतरी मूर्त होते आणि त्याचा अर्क काढला असा ध्वनी निघतो. त्यांच्या चित्रामागे असा कोणताही मूळ पदार्थ नव्हता. चित्रांना शीर्षके देणेही त्यांनी सोडले, ते याच्याशी सुसंगत आहे.

कारकिर्दीविषयी आपण विचारले आहे, पण तिथे अनुकरण करण्यासारखे थोडेच आहे. त्यांना 1971 मध्ये पद्मश्री मिळाली, 1972 मध्ये ते दिल्लीला निजामुद्दीन ईस्टमधील एका लहानशा बरसातीत (गच्चीवरच्या खोलीत) राहायला गेले, एकटेच राहिले, कमी माणसांना भेटले. 1984 मध्ये अपघात होऊन मोठ्या कॅनव्हासचे काम काही वर्षे थांबले. त्या काळात त्यांनी कागदावर शाईने छोटी रेखाटने केली, आणि मला ती व्यक्तिशः त्यांच्या अनेक मोठ्या चित्रांइतकीच मोलाची वाटतात, कारण रोलर आणि सुरीच्या आधाराशिवाय तोच संयम निव्वळ शाईत आलेला दिसतो. 10 ऑगस्ट 2001 रोजी त्यांचे निधन झाले. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयातील सिंहावलोकनी प्रदर्शन 2014 मध्ये भरले. त्याच्या आदल्या वर्षी मुंबईतील लिलावात त्यांच्या एका चित्राला 23.7 कोटी रुपये आले होते. हे आकडे पाहून कोणी त्या मार्गाला लागणार असेल तर त्याने एवढेच ध्यानात घ्यावे की त्यातील पैसा चित्रकाराच्या खोलीपर्यंत कधी आला नाही.

आपण विद्यार्थी असाल तर रोलर विकत घेण्यापूर्वी लघुचित्रांचा वर सांगितलेला प्रयोग वर्षभर करा. माझ्याकडे येणारी बहुतेक मुले थेट 1970 च्या दशकातील गायतोंडे यांच्यापासून सुरुवात करतात, म्हणजे ज्या गोष्टी मुळात कधी हाती आल्याच नाहीत त्या सोडल्याचा आव आणतात. आकृती नीट काढता येणे ही पूर्वअट आहे का, असा आपला एक उपप्रश्न होता. माझे उत्तर असे की आकृती आलीच पाहिजे असे नाही. पण काहीतरी इतके उत्तम आले पाहिजे की ते सोडताना दुखेल.

आणि मूळ चित्र पाहा. छापील प्रतीत क्ले बराचसा टिकतो, गायतोंडे जवळजवळ टिकत नाहीत. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या संग्रहात त्यांची चित्रे आहेत, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील जहांगीर निकल्सन संग्रहात आहेत, आणि होमी भाभांच्या पुढाकाराने टाटा मूलभूत संशोधन संस्थेने जो संग्रह उभा केला त्यातही आहेत. जे चित्र भिंतीवर लावलेले सापडेल त्याच्यासमोर आधी नेहमीप्रमाणे उभे राहा. नंतर भिंतीच्या अगदी जवळ, चित्राच्या बाजूला जा आणि दिव्याचा उजेड पृष्ठभागावरून तिरपा सरकतो त्या कोनातून पाहा. समोरून जे धुके वाटत होते त्यात आता सुरीच्या आडव्या कडा, रोलरने सोडलेले बारीक कण आणि मध्येच कागदाच्या फाटलेल्या काठाचा ठसा दिसू लागेल. तो काठ बोटाने गिरवावासा वाटतो; तेवढे मात्र करू नका, पहारेकरी लगेच उठून येतो.